कच्ची शिवण

आमचे परळीचे घरमालक माणूस भेटला की आधी त्याचे कपडे ओढून बघत. रामराम नंतर. मफलरचं टोक, शर्टाची बाही, खांद्यावरच्या पिशवीचा बंद, जे लोंबत असेल ते दोन बोटांत धरायचं आणि एक झटका द्यायचा. तुटलं तर ते खूश. ‘बेस हाय,’ म्हणायचे. नाही तुटलं तर तोंड कडू. बायकांना मात्र ते हात लावत नसत. काठी पुढं करून लांबूनच ओरडत. मी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आले त्या दिवशी टेम्पोतून कपाट उतरत होतं, आणि घरमालकांच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं वाक्य होतं, ‘बाई, पदर खोचा!’

मी शाळेत गणित शिकवते, म्हणून बाई. त्यांना सगळी गल्ली आबा म्हणायची.

सरपंच राहिलेला माणूस. सिरसाळ्याकडं बागायती जमीन. आणि अंगात गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि बाह्या कापलेला सदरा. धोतर नाही, पायजमा नाही, उपरणं तर नाहीच. लग्नाच्या पंगतीतही तसेच बसत. एकदा एका सोयऱ्यानं भर मांडवात विचारलं, ‘आबा, शाळेला निघालाव जणू. दप्तर कुठं इसरलं?’

‘दप्तराला पट्टा असतोय,’ आबा म्हणाले आणि भात कालवायला लागले.

लोक हसले. मीही हसले. तेव्हा मला ते नुसते विक्षिप्त वाटायचे.

त्यांच्या म्हशीचं दावं कुजत आलेल्या सुताचं असायचं. म्हैस आठवड्यातून एकदा तरी ते तोडून शेजारच्यांच्या कडवळात, हिरव्या चाऱ्यात, शिरायची. शेजारी भांडायला यायचे.

‘आबा, म्हैस बांधताव का नुसतं सांगताव तिला, उभी ऱ्हा म्हणून?’

‘तुटलं दावं, तर तुटू द्या. तिला फास तर न्हाई बसला.’

‘तिला न्हाई बसला. आमाला बसलाय!’

कपडे वाळत घालायची दोरीही त्यांनीच बांधलेली. ओल्या चादरीचं वजन पडलं की ती तुटायची आणि धुतलेलं सगळं अंगणातल्या, वीज केंद्रातून उडून आलेल्या राखेच्या धुळीत जायचं. सगळ्यात वाईट झालं ते झोक्याचं. माझी मुलगी अंकिता लहान असताना त्यांनी कडुलिंबाला झोका बांधून दिला. बांधला कच्च्या दोरीनं. पोर तोंडावर पडली. तिच्या हनुवटीवर अजून व्रण आहे. मी खूप बोलले त्यांना. ते मान खाली घालून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, ‘पडली. गुतली न्हाई.’ त्या दिवसापासून मी त्यांच्या शहाणपणावरचा विश्वास काढून घेतला होता. हे आधीच सांगते, कारण पुढं मला त्यांच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवावं लागलं, तेव्हा हा व्रण माझ्या डोळ्यांसमोर होता.

तरी अंकिताचा त्यांच्यावर जीव होता. पेरणीआधी रानातली ढेकळं फोडायला बैलांमागं लाकडी फळी ओढतात. फळीवर वजन हवं म्हणून पोरांना उभं करतात. आबा अंकिताला त्या फळीवर उभी करायचे. खाली फळी हिसके खातेय, समोर धूळ, आणि ही पोर गुडघे वाकवून सरळ उभी. हातात कासऱ्याचं टोक. बाजूनं चालत आबा एकच गोष्ट ओरडत राहायचे, ‘दोरी धरायची, अंके! हाताला गुंडाळायची न्हाई!’

रसवंतीवर ते कधी रस प्यायले नाहीत. उभे मात्र राहायचे. चरक फिरत असेपर्यंत त्यांची नजर ऊस सारणाऱ्या माणसाच्या मनगटावर असायची. मोटार बंद झाली की खोल श्वास घ्यायचे आणि पुढं चालायला लागायचे. मी एकदा बाजूला उभी होते. त्यांच्या कपाळावर घाम होता. दिवस थंडीचे होते.

अंकिता कॉलेजला गेल्यावर गिर्यारोहण क्लबात शिरली आणि एका हिवाळ्यात घरी येऊन म्हणाली की तिची बर्फावरच्या शिबिरासाठी निवड झालीय. उत्तरेला, पहाडात. फळीवर उभं राहून उतारावरून घसरत खाली यायचं.

‘आपल्या फळीसारखंच हाय आबा,’ ती म्हणाली. ‘फक्त बैलं न्हाईत. अन् पाय फळीला बांधलेले असतात.’

आबा ओट्यावर बसले. ‘बांधलेले?’

‘हां.’

‘दोनी?’

‘दोनी. कावून?’

आबांच्या मनात काय आलं, कळलं नाही. माझ्या मनात काय चाललं होतं ते मात्र मला नीट माहीत होतं. मोडलेलं हाड, फुटलेलं डोकं, काळी पडलेली बोटं. मी रात्रंदिवस अपूर्णांक शिकवणारी बाई. शक्यता शून्य नाही एवढं मला पुरतं.

शिबिराच्या सूचनांत लिहिलं होतं की पँट जलरोधक आणि टिकाऊ हवी, कारण बर्फात बसावं लागतं, पडावं लागतं. परळीत अशी पँट कुठं मिळणार? पण आठवडी बाजारात परदेशी जुन्या कपड्यांच्या गठड्या फुटतात, त्यात कधीकधी असली जाड, फुगीर वस्त्रं निघतात. इथं कुणाला ती काय ते कळत नाही. पहाटे पिकाला पाणी धरायला जाणारे घेऊन जातात. आम्ही निघालो तर आबा काठी घेऊन मागं.

गठडीवाला म्हातारा होता. त्यानं ढिगातून तीन पँटी काढल्या. आबांनी चष्मा पुसला आणि मी त्यांचं एक वेगळंच रूप पाहिलं. एक पँट त्यांनी हाताला लागताक्षणी बाजूला टाकली. ‘नुसती फुगीर. कापूस भरलाय. भिजली की मणभर.’ दुसरी उलटी केली. आतून शिवणीवर चिकटपट्टी असते, सुईच्या भोकातून पाणी येऊ नये म्हणून. ती सुटून आली होती. टाकली. तिसरीचं कापड त्यांनी उजेडात धरलं. बारीक चौकड्यांची वीण. फाटलं तर एका चौकडीत थांबेल असं. सीटवर दुहेरी कापड, पायाच्या आतल्या कडेला, जिथं बूट घासतो तिथं, जाड पट्टी. चेन त्यांनी वीसेक वेळा वरखाली केली. कापडाचा खोलगा करून त्यात पाणी ओतलं आणि खालून हात लावून बघितला. मग चहा मागवला. वाफाळत्या पेल्यावर कापड धरलं आणि वर स्वतःचा चष्मा. काच धूसर झाली.

‘पाणी आत येत न्हाई, वाफ भाईर जाती. ही घ्या.’ आणि दोन्ही हातांनी पाय धरून असा हिसका दिला की गठडीवाला उठून उभा राहिला.

‘आबा, घ्यायचीय का फाडायचीय?’

‘कुठं फाटती ते बघाया नको?’

अंकिता हसत होती. ‘आबा, तुमाला एवढं कसं कळतंय?’

उत्तर गठडीवाल्यानं दिलं. ‘पोरी, सगळ्या पंचक्रोशीतले लोक कापड घ्यायला ह्यांना घिऊन यायचे. ह्यांनी ओढून बघितलेलं कापड म्हंजी जलमभर...’ आबांनी त्याच्याकडं पाहिलं. तो मध्येच थांबला आणि उगीच ढीग सारखा करायला लागला.

पँट कुणा उंच माणसाची असावी. अंकिताला कमरेला ढगळ. पण तिला खांद्यावरून घ्यायचे दोन पट्टे होते, त्यांच्या आधारानं ती नीट बसत होती. डाव्या गुडघ्यावर बोटभर फाटलेलं. ते मी दुरुस्त केलं. जुन्या छत्रीचं कापड घेतलं, कारण साधं ठिगळ पाणी पितं. फाटलेल्या भोवतालची जागा स्पिरिटनं पुसली. ठिगळाचे कोपरे गोल कापले; टोकदार कोपरा आधी उचकटतो. लवचीक राहणाऱ्या चिकटद्रव्यानं आतून-बाहेरून चिकटवलं आणि पाठ्यपुस्तकांच्या गठ्ठ्याखाली दाबून ठेवलं. सुई लावली नाही. इस्त्री तर नाहीच. असलं कापड आक्रसून जातं.

आबांनी ठिगळावर अंगठा घासून पाहिला. ‘हे बेस झालं. हितं पक्कंच पायजे.’ मग त्यांनी पट्टे उचलले. पुढं ते ओढलं की निसटणाऱ्या आकड्यात अडकवलेले, पण मागं कमरेला जिथं ते शिवलेले होते तिथं जाड दोऱ्याची चौकट आणि आत फुली. ‘हे उसवा.’

‘काय?’

‘उसवा. साध्या दोऱ्यानं एक ओळ घाला. ओढलं की सुटलं पायजे.’

‘आबा, पट्टा सुटला तर पँट खाली येईल. बर्फ आत जाईल.’

‘खांद्यावरनं घसरला तर ह्याचा फास होतोय, बाई. कमरंपाशी लोंबता फास.’

मी वाद घातला. पण ते जिन्यात बसून राहिले, जेवायला गेले नाहीत, आणि काकू, म्हणजे त्यांची बायको, वर येऊन मला हळूच म्हणाल्या, ‘ऐका त्यांचं एवढं.’ मी उसवलं, एका ओळीत कच्चं शिवलं. पण माझ्या सवयीप्रमाणं मोजूनही पाहिलं. पट्ट्याला बादली अडकवली आणि तांब्यातांब्यानं पाणी ओतत गेले. साडेतेरा लिटरला शिवण सुटली. अंकिताचं वजन बावन्न किलो. हे दोन आकडे घेऊन मी काय करायचं ते मला कळेना. मी तेवढीच शिवण पुन्हा घातली आणि अंकिता शिबिराला गेली.

पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला. ‘आई, पडले अन् तुझा पट्टा सुटला. कमरेतून बर्फ आत गेला. बूट भरला. दोन बोटं कितीतरी वेळ बधिर होती.’

‘आता?’

‘आता चोळून चोळून आलीत. पण इथल्या सरांनी सांगितलं, असं पुन्हा झालं तर बोट जाईल. मैत्रिणीकडं दात साफ करायचा मेणाचा दोरा आहे, लई पक्का असतो. आज त्यानं शिवून टाकते. उद्यापासून आम्हाला वर न्यायला दोरीचं यंत्र आहे. वर-खाली दोन चाकं, त्यावर जाड दोरी फिरत असते, ती धरायची, ती ओढत नेते.’

फिरणारं चाक. फिरणारी दोरी. मला रसवंतीवर उभे राहणारे आबा आठवले. पण बधिर झालेली बोटंही खरीच होती. त्या बोटांची नखं मी काल-परवापर्यंत कापली होती. ‘थांब,’ मी म्हटलं. ‘तासाभरानं फोन करते. तोवर सुई लावू नको.’

खाली गेले ते रागानंच. ‘आबा, तुमच्या नादानं पोरीची बोटं जायची वेळ आली. झोक्यावरनं पाडलंत, आता हे. कशासाठी? एकदा सांगा मला, कशासाठी?’

आबांनी काकूंकडं पाहिलं. काकू दारातच उभ्या राहिल्या. आबा आत गेले. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात तपकिरी रंगाची एक पँट होती. माझ्यासमोर धरली.

‘ओढा.’

मी ओढली.

‘जोर लावा, बाई.’

मी ओट्याला पाय लावून ओढली. काहीच झालं नाही. कापड नव्यासारखं होतं. फक्त एक पाय पिळून टाकलेल्या धडुत्यासारखा झाला होता. पीळ तसाच राहिलेला, आणि पिळावर काळं ग्रीस.

‘माझ्या धाकट्या भावाची,’ आबा म्हणाले. ‘पँट मीच घेतली. धा दुकानं हिंडून. त्याला म्हणलं, ही तुला जलमभर जाती. ज्वारीची मळणी चालू व्हती. यंत्र माझं, ट्रॅक्टर माझा. ट्रॅक्टरपून यंत्राला फिरता शाफ्ट जातोय की न्हाई, त्यावरनं तो पल्याड गेला. पँटीच्या पायाचं टोक लागलं.’

काकू खाली बसल्या.

‘मी धरलो त्याला. दोनी हातानं. मी हिकडं ओढतोय, शाफ्ट तिकडं. मधी पँट. आमी दोघंबी वाट बघाय लागलो, आता फाटंल, आता फाटंल. तो मला म्हणला बी, दादा, फाडा. मी फाडाय लागलो. माझ्या हातानं पारखून घेतलेलं कापड. न्हाई फाटलं, बाई.’

अंगणात म्हैस रवंथ करत होती. तिच्या गळ्यातलं कुजकं दावं मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं.

मी वर आले. माझ्यापुढं दोन भीती होत्या. एक अंकिताच्या बोटांची, जी खरी झालेली होती. एक आबांच्या भावाची, जी माझ्या मुलीच्या वाट्याला कदाचित कधीच येणार नव्हती. किती शक्यता? मला आकडा मांडता येईना. एवढंच सुचलं की गारठलेलं बोट चोळायला वेळ मिळतो. शाफ्टावर मिळाला नव्हता.

फोन लावला. ‘अंके, साधा दोरा. एकच ओळ. शिवल्यावर ओढून बघ. तुटला पाहिजे.’

‘आई! तू गणिताची बाई आहेस आणि आबांचं ऐकतेस?’

‘हो.’

‘माझी बोटं गेली तर?’

‘मोजे दोन घाल,’ मी म्हटलं. ‘कमरेला शाल गुंडाळ, जॅकेटच्या आतून. तिचं टोक बाहेर ठेवू नको.’ तिनं फोन ठेवला. तोडला म्हणायला हवं.

नंतर फोन लागेना. तिकडं बर्फ पडत होता. मी शाळेत फळ्यावर गणित मांडायची आणि अर्ध्यात विसरायची. घरी आले की जिन्याच्या पायरीवर आबा बसलेले. ‘फोन?’ मी मान हलवायची. ते सरकून मला वाट द्यायचे. एकदा काकूंनी त्यांना चहा आणून दिला तो तसाच साय धरून राहिला. मी जाता जाता म्हटलं, ‘आबा, चहा.’ ते म्हणाले, ‘मी तिला फळीवर उभी केलतो, बाई. मीच.’

फोन आला तेव्हा मी भाजी चिरत होते. अंकिता फार शांत बोलत होती. इतकी शांत ती कधी नसते.

‘आई, पट्टा गेला.’

‘तू कुठं आहेस?’

‘बसलेय. सगळं ठीक आहे. वर चढताना गरम झालं म्हणून जॅकेट उघडलं होतं. एक पट्टा खांद्यावरनं उतरला, माझ्या लक्षात आलं नाही. दोरीच्या पिळात अडकला. वर पोचल्यावर मी हात सोडले. दोरीनं मला सोडलं नाही. पाय फळीला बांधलेले. चाक समोर. सर ओरडत बटणाकडं पळत होते. मग मागं कमरेपाशी टर्रकन आवाज आला आणि मी बर्फात पडले.’

सुरी माझ्या हातातच होती. ती खाली ठेवायला मला वेळ लागला. मग मी फोन घेऊन खाली धावले. पदर खोचलेला नव्हता. आबा काही म्हणाले नाहीत.

त्यांनी व्हिडिओ लावायला सांगितला. पडद्यावर अंकिता दिसली, नाक लाल, मागं पांढरंच पांढरं.

‘उभी ऱ्हा,’ आबा म्हणाले.

ती उभी राहिली.

‘चालून दाखव.’

ती बर्फात चालली. मैत्रिणीच्या हातातला फोन तिच्या मागं हलत गेला.

‘बूट काढ.’

‘आबा, थंडी हाय लई!’

‘काढ म्हणलं ना.’

तिनं एका दगडावर बसून बूट काढले, दोन्ही जोड मोजे काढले आणि पाय वर केले. आबांनी चष्मा पुसला. पडद्याजवळ तोंड नेऊन बघत राहिले. ओठ हलत होते. दाही बोटं होती. लाल, ओली, हलणारी.

‘पट्टा कुठं हाय?’ त्यांनी विचारलं.

‘चाकात गेला, आबा. फिरून खाली आला तेव्हा त्याच्या चिंध्या झाल्या होत्या.’

आबांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते गोठ्याकडं गेले. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून, आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. काकू म्हणाल्या, ‘असू द्या जरा.’

आता आबा नाहीत. ते गेल्यावर म्हशीला त्यांच्या मुलांनी नायलॉनचं दावं आणलं, तेव्हा शेजाऱ्यांनीच ते बदलून सुताचं बांधलं. अजून ती तोडते आणि त्यांच्याच कडवळात शिरते.

अंकिता दर हिवाळ्यात पहाडात जाते; आता तिथं नव्या मुलींना शिकवते. पँट तीच आहे. दोन्ही गुडघ्यांवर छत्रीचं कापड, सीटवर नवा थर, गेलेल्या पट्ट्याच्या जागी दुसरा, शिवणीवरची चिकटपट्टी मी दोनदा बदललीय. या सगळ्या जागा मी जितक्या पक्क्या करता येतील तितक्या करते. शेवटी पट्टे घेते. साधा दोरा, एकच ओळ. दरवेळी वाटतं, आणखी एक ओळ घालावी, थंडी फार असते. सुई पुन्हा आत जाता जाता थांबते.

निघायच्या दिवशी ती पँट घालून माझ्यासमोर पाठ करून उभी राहते. ‘ओढ, आई,’ म्हणते. मी पट्टा दोन्ही हातांत धरते आणि सगळा जोर लावते. क्षणभर तो सुटत नाही. मग टर्रकन पट्टा माझ्या हातात येतो. अंकिता वळून हसते, आणि मी पुन्हा सुईत दोरा ओवते.